वऱ्हाडचा ओळंबा आणि एव्हरेस्टची उंची

पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख हा डोंगर-कड्यांचा प्रदेश नव्हे. कपाशीच्या काळ्या जमिनीचे हे मैदान पूर्व-पश्चिम पसरलेले असून, उन्हाळ्यात त्याला पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्यातून बैलगाडी काढणे अवघड होते. पाऊस पडून हवा निवळली, की उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ दिसते. त्या रेघेतला गाविलगडचा डोंगर हा या भागातला सर्वांत मोठा उंचवटा होय. चिखलदऱ्याजवळचे त्याचे वैराट हे टोक सुमारे १,१७८ मीटर भरते. हिमालयाच्या हिशेबात ही उंची अगदीच किरकोळ, त्यामुळे गिर्यारोहणाच्या इतिहासात वऱ्हाडचे नाव कोणी शोधत नाही.

तरीही जगातील सर्वोच्च शिखराच्या कथेचे एक महत्त्वाचे प्रकरण याच मैदानात घडले. एखादे शिखर चढण्याचे आव्हान उभे राहण्यापूर्वी ते सर्वांत उंच आहे हे कोणीतरी सिद्ध करावे लागते, आणि ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण जवळचा लहान डोंगर दूरच्या थोर शिखराला सहज झाकून टाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्वान दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझोला जगातील सर्वोच्च पर्वत मानत होते. पुढे तो मान धवलगिरीकडे आणि नंतर कांचनगंगेकडे गेला. हा वाद मिटवणारी मोजणी समुद्रकिनाऱ्यापासून सुरू होऊन दक्षिण भारत, तेलंगण, वऱ्हाड आणि माळवा ओलांडत हिमालयापर्यंत पोहोचली. तिला सुमारे अर्धे शतक लागले, आणि ती जवळजवळ कायमची थांबली असती ती वऱ्हाड-नागपूरच्या परिसरातच.

या मोजणीचा जनक विल्यम लॅम्बटन हा इंग्रजांच्या ३३व्या पायदळ पलटणीतील अधिकारी होता. याच पलटणीचा कर्नल आर्थर वेलस्ली हा पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून प्रसिद्धीस आला. १७९९ सालच्या म्हैसूरच्या युद्धात एका रात्रीच्या कूचात आपली तुकडी चुकीच्या दिशेने चालली असल्याचे लॅम्बटनने ताऱ्यांवरून ओळखले, असे सांगितले जाते. युद्ध संपताच त्याने अशी योजना मांडली, की हिंदुस्थानचा द्वीपकल्प किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांनी बांधून काढावा आणि त्याच ओघात पृथ्वीचा नेमका आकारही ठरवावा. वेलस्लीने तिला पाठिंबा दिला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिल्या आधाररेषेची मोजणी सुरू झाली. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ताणून ठेवायची, उष्णतेने धातू किती वाढला हे पेटीतील तापमापकावर पाहायचे, आणि मग ती उचलून पुढे मांडायची, अशा रीतीने सुमारे साडेसात मैलांची ही रेषा मोजायला सत्तावन्न दिवस लागले.

ही पद्धत समजावून घेतल्याशिवाय पुढची कथा उलगडत नाही. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले, तर उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने काढता येतात. म्हणून जमिनीवर एकच बाजू, म्हणजे आधाररेषा, प्रत्यक्ष मोजायची आणि तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाकडे दुर्बीण लावून कोन मोजायचे. यातून मिळालेली नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते, आणि अशी त्रिकोणांची माळ शेकडो मैल नेता येते. या कामाचे मुख्य यंत्र थिओडोलाइट, म्हणजे आडवे आणि उभे कोन मोजणारी, अंशांच्या खुणा कोरलेल्या चक्रांवर बसवलेली दुर्बीण. लॅम्बटनचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला, आणि शास्त्रीय उपकरण म्हणून त्यांनी तो सन्मानाने परत पाठवला. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला व त्याचे मोठे चक्र वाकले; नवे यंत्र यायला वर्षे गेली असती, म्हणून लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवड्यांत ते स्वतः ठोकूनठाकून सरळ केले. पुढच्या सगळ्या त्रिकोणांची भिस्त या डागडुजी केलेल्या चक्रावर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाच्या हाताची आणि हिशेबाची किंमत कळते.

कन्याकुमारीपासून ७८व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकणारी ही मुख्य माळ ‘महाचाप’ म्हणून ओळखली जाऊ लागली. चाप म्हणजे पृथ्वीच्या गोलाईचा, येथे दक्षिणोत्तर रेषेवर मोजलेला, तुकडा. १८१५ साली ती बिदरजवळ दमरगिड्डा येथे पोहोचली. १८१८च्या आरंभी हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या थेट अखत्यारीत गेले, त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट या तरुण तोफखाना अधिकाऱ्याची लॅम्बटनचा मुख्य साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

माळेच्या पुढे आता वऱ्हाड होते. या मुलखाची इंग्रजांना ओळख होती, पण ती तलवारीच्या वाटेने झालेली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शेगावच्या ईशान्येस असलेल्या अडगावच्या रानात त्याच आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता, आणि १५ डिसेंबरला गाविलगडाचा कडेकोट किल्ला घेतला होता. त्यानंतर वऱ्हाड निजामाकडे, वर्धा नदीपलीकडचा मुलूख नागपूरकरांकडे, आणि दोन्ही दरबारांवर इंग्रज रेसिडेंटची नजर, अशी व्यवस्था बसली. युद्ध आणि मोजणी यांचे असे एकामागोमाग येणे हा योगायोग नव्हता. नकाशा हे राज्य चालवण्याचे साधन आहे हे कंपनी सरकारला पक्के ठाऊक होते, आणि लॅम्बटनची शुद्ध विज्ञानाची हौस सरकारी खजिन्यातून भागत होती ती याच कारणाने.

मोजणीचे खरे ओझे मात्र ज्यांची नावे ग्रंथांत नाहीत त्यांच्या खांद्यावर होते. टेकडीच्या माथ्यावर रान तोडून दगडी चबुतरा रचणे, यंत्र सुटे करून वर वाहणे, तीस-चाळीस मैलांवरच्या टेकडीवर निशाण धरून दिवस काढणे ही कामे दप्तरात ‘खलाशी’ म्हणून नोंदलेल्या माणसांकडे होती, तर कोन मोजण्यात मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत घडलेली, जोशुआ डी पेनिंगसारखी अँग्लो-इंडियन मुले तयार झाली होती. हवामानाचा पेचही विलक्षण होता. उन्हाळ्यात धूळ आणि तापलेल्या हवेची झळ यांमुळे दूरचे निशाण दिसत नसे. ते स्वच्छ दिसे ते पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, आणि रानातली हिवतापाची साथही नेमकी तेव्हाच उसळे. १८१९ साली गोदावरी-कृष्णेच्या दरम्यानच्या जंगलात एव्हरेस्टची तुकडी अशी तापाने झोपली, की हैदराबादहून पालख्या आणि हत्ती पाठवून माणसे उचलून आणावी लागली. एव्हरेस्टला प्रकृती सावरण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील केपला पाठवण्यात आले. पुढे दिवसा आरशांनी सूर्यप्रकाश परावर्तित करून आणि रात्री दिवे लावून कोरड्या ऋतूतही काम करण्याची रीत त्याने रूढ केली, त्यामागे हा अनुभव होता.

१८२२च्या सुमारास माळ वऱ्हाडात एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, खोऱ्यापर्यंत आली. शेगावपासून हा पट्टा पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटर. याच वेळी म्हाताऱ्या लॅम्बटनने आपले ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरवले. सामान-सुमान, यंत्रे, दप्तर आणि कुटुंबकबिला असा सगळा तांडा उत्तरेकडे निघाला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी वाटेवर हिंगणघाटच्या मुक्कामी तो मरण पावला. वीस वर्षांहून अधिक काळ ज्याने ही माळ हाताने विणली, त्याची कबर नागपूरच्या अलीकडे, कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात झाली. त्याच्यामागे डी पेनिंगने नोकरी सोडली, आणि तुकडीचा भूशास्त्रज्ञ-डॉक्टर हेन्री व्हॉयसी पुढच्याच वर्षी वारला. सर्वेक्षण तेव्हाच मोडले असते तर आश्चर्य वाटले नसते.

ते मोडले नाही याचे श्रेय एव्हरेस्टच्या हट्टाला द्यावे लागते. स्वभावाने तो तापट, कडवट आणि माणसे तोडणारा होता. लॅम्बटनभोवती जमलेल्या माणसांना जे प्रेम मिळाले ते त्याच्याकडून कोणाला मिळाले नाही. पण वऱ्हाडात पुन्हा तापाने गाठून हातपाय लुळे पडले असतानाही दोन माणसांनी उचलून यंत्रासमोरच्या आसनावर बसवावे आणि वेध संपला की उतरवावे, अशा अवस्थेत त्याने काम चालू ठेवले. सातपुडा ओलांडून ही माळ माळव्यात सिरोंजला नेली आणि १८२४-२५च्या हिवाळ्यात तेथील आधाररेषा मोजून झाल्यावरच तो इंग्लंडला गेला.

या टप्प्याचा अहवाल त्याने १८३० साली प्रसिद्ध केला, आणि त्यात एका वऱ्हाडी ठाण्याला फार महत्त्व आले. दमरगिड्डा, टाकळ खेडा आणि कलियानपूर अशा तीन ठिकाणी ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरवले गेले होते. त्यांतले मधले टाकळ खेडा, इंग्रजी दप्तरात याच वळणाने लिहिलेले, हे अचलपूरच्या खोऱ्यातील गाव. त्याचा अक्षांश सुमारे २१ अंश ६ मिनिटे. ताऱ्यावरून अक्षांश काढताना तो तारा डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून किती कलला आहे हे मोजतात, आणि ही उभी रेषा कोणती हे सांगायला यंत्रात ओळंबा असतो. तोच ओळंबा, जो गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला लोंबकळता सोडतो. गवंड्याची श्रद्धा अशी, की ओळंबा सरळ पृथ्वीच्या पोटाकडे पाहतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार मात्र त्याला शेजारचा डोंगरही थोडासा आपल्याकडे ओढतो. टाकळ खेड्याच्या दक्षिणेला पूर्णेचे मोकळे मैदान आणि उत्तरेला सातपुडा व त्यापलीकडचे महादेवाचे डोंगर. म्हणजे ओढ एकाच बाजूने. वजन उत्तरेकडे ओढले गेले, तर डोक्यावरची रेषा दक्षिणेकडे झुकते आणि गाव नकाशावर आपल्या जागेहून दक्षिणेला सरकते.

हा कल कोनाच्या काही सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाच्या मापाचा होता. भिंत बांधताना तो कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि साखळीचा इंच इंच जपणाऱ्या माणसाला ही चूक सहन होणारी नव्हती. एव्हरेस्टने डोंगरांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधून त्यांच्या ओढीचा हिशेब केला, आणि टाकळ खेड्याच्या वेधांवर विसंबता येत नाही असा निष्कर्ष काढला. हिमालय अजून शेकडो मैल दूर असताना, पर्वत आपली मोजणी स्वतःच बिघडवतात, हा धडा त्याला वऱ्हाडच्या शेतात मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

१८३० साली सर्व्हेअर जनरल होऊन परतल्यावर त्याने साखळ्यांऐवजी दोन धातूंच्या जोडपट्ट्या आणल्या, ज्यांची लांबी उष्णतेने बदलत नसे, आणि १८४१पर्यंत महाचाप डेहराडूनपर्यंत पूर्ण केला. कलियानपूर ते कलियाना या उत्तरेकडच्या टप्प्यात जमिनीवरची मोजणी आणि ताऱ्यांवरची मोजणी यांत ५.२३६ सेकंदांचा फरक राहिला. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट याने हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला तेव्हा फरक याच्या जवळजवळ तिप्पट यायला हवा होता असे निघाले. प्रचंड पर्वत अपेक्षेहून कमी ओढतो, याचा अर्थ त्याच्याखालचा थर आसपासच्या खोल थरांपेक्षा हलका असला पाहिजे. १८५५ साली खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने आणि नंतर प्रॅटने मांडलेल्या या विचारातून पुढे समस्थायित्वाचा, म्हणजे भूकवचाचे तुकडे लाकडाच्या ओंडक्यांसारखे खालच्या थरावर तरंगून तोल राखतात असा, सिद्धान्त उभा राहिला.

एव्हरेस्ट १८४३ साली निवृत्त होऊन मायदेशी गेला, आणि अँड्र्यू वॉ याच्या हाताखाली माळ तराईच्या दलदलीतून पूर्वेकडे वळली. नेपाळने सर्वेक्षकांना दार बंद ठेवले होते, त्यामुळे बर्फाची शिखरे लांबूनच मोजायची होती. १८४९-५०च्या हिवाळ्यात जेम्स निकल्सनने बिहारच्या सपाटीवरील सहा ठाण्यांवरून एका अनामिक शिखराचे कोन घेतले. पुढे त्याला ‘शिखर १५’ हा क्रमांक मिळाला. सगळी ठाणी शिखरापासून शंभर मैलांहून दूर होती. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळेच सहा हजार फुटांहून अधिक उंची क्षितिजाखाली जाते, तर हवेच्या थरांतून येताना प्रकाशाचा किरण वाकल्यामुळे, ज्याला वक्रीभवन म्हणतात, शिखर असते त्याहून उंच दिसते. या दोन्ही चुकांची वजाबाकी-बेरीज करण्याचे किचकट गणित ज्यांनी उभे केले, त्यांत राधानाथ सिकदर हा बंगाली गणिती प्रमुख होता. त्याच्या पदाचे नाव ‘कॉम्प्युटर’ असे होते. त्या काळी हा शब्द यंत्राला नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या गणकाला लावत. सिकदर धावत वॉच्या खोलीत शिरला आणि जगातले सर्वांत उंच शिखर सापडल्याचे ओरडला, ही आवडती आख्यायिका मात्र बाजूला ठेवलेली बरी, कारण तेव्हा एक कलकत्त्याच्या आणि दुसरा डेहराडूनच्या कचेरीत होता.

मार्च १८५६ मध्ये वॉने २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि शिखराला आपल्या गुरूचे नाव सुचवले. स्वतः एव्हरेस्टला हे नाव पसंत नव्हते. ते हिंदी वा फारसीत लिहिता येणार नाही आणि येथील लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव त्यापूर्वीपासून होते, पण लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६५ साली एव्हरेस्टच कायम केले. लॅम्बटनचे नाव कोणी सुचवलेही नाही, आणि हा अन्याय आता दुरुस्त होण्यासारखा राहिलेला नाही.

आकडा जाहीर झाल्यावर आव्हान उभे राहिले. पण त्याला पहिला हात घालायला १९२१ साल उजाडले, आणि यश आले ते २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग नोर्गे व एडमंड हिलरी यांना. दरम्यान कळून चुकले होते, की आठ हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, ते फक्त झिजत जाते. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. १९५४-५५ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने ओळंब्याचा कल आणि समुद्रपातळीचा डोंगराजवळ येणारा फुगवटा हिशेबात धरून ८,८४८ मीटर ही नवी उंची काढली. जुन्या आकड्यात आणि या आकड्यात जेमतेम २६ फुटांचा फरक निघाला, हे निकल्सन आणि सिकदर यांच्या कामाचे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र मानावे लागेल.

मराठी गिर्यारोहकांचा या कथेतील प्रवेश उशिराचा आहे. सह्याद्रीतील किल्ल्यांवर पोसलेल्या मंडळींपैकी सुरेंद्र चव्हाण हे १८ मे १९९८ रोजी, हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत, एव्हरेस्टचा माथा गाठणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत वर पोहोचले. विदर्भाच्या दृष्टीने मात्र मे २०१८ अधिक मोलाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत निवडलेल्या दहांपैकी पाच जण त्या महिन्यात शिखरावर उभे राहिले. ज्या मुलखात लॅम्बटन मेला त्याच्या शेजारच्या रानातली ही मुले होती, आणि त्यांच्या घराण्यांत बर्फ पाहिलेले कोणी असण्याचा संभव नव्हता.

शेगावच्या रेल्वे स्थानकावर, फलाटाच्या टोकाला असलेल्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी फारच थोड्यांची नजर त्या बारीक आकड्यावर जाते. समुद्राची सरासरी पातळी शून्य धरून त्याच्यावर किती, हे सांगणारा तो आकडा आणि डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी जाहीर केलेला ८,८४८.८६ मीटर हा आकडा एकाच जातीचे आहेत. याच स्थानकावरून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने सेवाग्रामपर्यंत जाऊन तेथून बल्लारशाची वाट धरली, की हिंगणघाट लागते. विदर्भातून हिमालयाकडे निघणाऱ्या पथकांनी आधी तेथे उतरावे, आणि लॅम्बटनच्या कबरीवर एक फूल ठेवून मग उत्तरेची गाडी पकडावी.